थोमाला उगाच ‘संशयी’ म्हणतात

प्रश्न: येशूच्या बारा शिष्यांपैकी थोमाला संशयी थोमा का म्हणतात आणि तो भारतात आला होता हे खरं का, असं मुलीने विचारलं. मला धड सांगता आलं नाही.

उत्तर: ताई, बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय काढा. येशू पुन्हा उठून शिष्यांना भेटला तेव्हा थोमा नेमका तिथे नव्हता, बाकीचे म्हणाले आम्ही प्रभूला पाहिलं, तर हा म्हणाला खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मी विश्वास ठेवणारच नाही. पण मागच्याच ओळी वाचा ना, येशूने बाकीच्यांनाही आधी हात आणि कुशीतली जखम दाखवली होती, म्हणजे थोमाने जे मागितलं ते त्यांना न मागता मिळालं होतं! आठ दिवसांनी येशू परत आला, म्हणाला बोट इकडे कर. चित्रांमध्ये बोट जखमेत घातलेलं दिसतं, पण योहानाने तसं कुठेच लिहिलेलं नाही. थोमा एवढंच म्हणतो, माझा प्रभू, माझा देव.

आणि येशूचा मित्र लाजर वारला तेव्हा येशू त्याच्याकडे यहूदियात जायला निघाला, तिथे लोक येशूवर दगड उचलून बसलेले, शिष्य नको जाऊ म्हणत होते, तेव्हा हाच थोमा म्हणाला होता, चला, आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ. हे कुणाच्या लक्षात राहत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता भारताचं. केरळचे नसरानी ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की तो इ.स. ५२ मध्ये कोडुंगल्लूरजवळ उतरला आणि ७२ मध्ये मैलापूरला, म्हणजे आजच्या चेन्नईत, मारला गेला. ही परंपरा आहे, त्या काळचा लेखी पुरावा नाही, मुलीला तसंच सांगा. पण मिरी न्यायला रोमन जहाजं तेव्हा मलबारला येतच होती, त्यामुळे अशक्य काही नाही. तिसऱ्या शतकातल्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात तो गोंडोफरेस राजाकडे सुतार म्हणून येतो, राजा महाल बांधायला पैसे देतो आणि हा ते सगळे गरिबांना वाटून टाकतो. ही गोष्ट मला फार आवडते. या राजाची नाणी १९ व्या शतकात खरोखर सापडली, फक्त त्याचं राज्य तक्षशिलेकडे, केरळात नाही.

चेन्नईच्या सान थोमे बॅसिलिकात थोमाची कबर दाखवतात. मुलीला घेऊन जा, पण आधी योहानाचा तो अध्याय तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.