बारावी पीसीबी झालंय. घरचे म्हणतात बी फार्म कर, मला बीएस्सी केमिस्ट्री करायचंय. पुढे स्कोप आहे का?

आत्ताच बारावी झालीये म्हणजे माझ्यापेक्षा लहानच असणार, त्यामुळे सरळ अरे-तुरे करतो.

घरच्यांचं अगदीच चूक नाही. पुढे मेडिकल स्टोअर टाकायचं डोक्यात असेल तर फार्मसीच कर, कारण दुकानाला रजिस्टर्ड फार्मासिस्ट लागतो, तिथे केमिस्ट्रीचा गोल्ड मेडलिस्टसुद्धा चालत नाही. पण औषधं बनवणाऱ्या कंपनीत जायचं असेल तर केमिस्ट्री बिनधास्त घे. मी लोटे एमआयडीसीत क्यूसीला, म्हणजे मालाची क्वालिटी तपासणाऱ्या विभागात आहे, आमच्या लॅबमध्ये केमिस्ट्रीवालेच जास्त.

फक्त नुसत्या बीएस्सीवर थांबू नकोस. ट्रेनी म्हणून लागशील, शिफ्ट करशील, पण आर अँड डीत (संशोधन विभागात) जायचं म्हटलं की एमएस्सी विचारतातच. म्हणजे पाच वर्षं धरूनच चाल.

आता एमएस्सीला ऑरगॅनिक की अ‍ॅनालिटिकल. पोरं डोळे झाकून ऑरगॅनिकच्या मागे पळतात. सिंथेसिसची, म्हणजे नवीन संयुगं बनवायची खरंच आवड असेल तर जरूर घे, पण अ‍ॅनालिटिकलवाल्याला क्यूसीत लगेच काम मिळतं. काम कसं, तर मोबाइल फेज (मशीनमधून सॅम्पल वाहून नेणारं द्रावण) बनवा, फिल्टर करा, सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी हलवून) त्यातली हवा काढा, एचपीएलसीची (सॅम्पलमधले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) बेसलाइन, म्हणजे स्क्रीनवरची रेघ, सरळ व्हायची वाट बघा, स्टँडर्डची (प्रमाण माहीत असलेल्या नमुन्याची) इंजेक्शनं एकसारखी आली तरच सॅम्पल लावा, आणि हे सगळं त्याच वेळी लिहून ठेवा. आकडा चुकला तर व्हाइटनर नाही हं, एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा, सही, तारीख. निम्मा दिवस लिहिण्यातच जातो, ज्याला याचा कंटाळा त्याने क्यूसीच्या वाटेला जाऊच नये.

अभ्यासात डोकं चालत असेल तर सेकंड इयरपासून जॅम या एमएस्सीच्या प्रवेश परीक्षेची तयारी कर. आयआयटी आणि बंगलोरच्या आयआयएस्सीत पुढे शिकायला ती परीक्षा लागते, थर्ड इयरला असतानाच देता येते. तुझं मॅथ्स सुटलंय, ते फिजिकल केमिस्ट्रीत नडतं (क्वांटम आलं की कळेल), आणि काही आयआयटी मॅथ्सची अट घालतात, ब्रोशर नीट वाच. माटुंग्याचं आयसीटी (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था) पण बघून ठेव.

रिसर्च करायचा तर सीएसआयआर नेट ही परीक्षा. त्यातून जेआरएफ ही रिसर्चची फेलोशिप मिळाली की सुरुवातीला महिन्याला 37,000 आणि वर एचआरए (घरभाडं), मग पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ठिकाणी पीएचडीला प्रयत्न करता येतो. प्राध्यापक व्हायचंय म्हणून नेट-सेट करणार असशील तर मात्र आधी सीएचबीवाल्या, म्हणजे तासांवर पैसे मिळणाऱ्या एखाद्या सरांशी बोल, तासांवर वर्षानुवर्षं शिकवणारे कितीतरी आहेत, पर्मनंट जागा निघायची वाट बघत.

आणि कॉलेज घेताना नाव राहू दे, प्रॅक्टिकल चालू असताना लॅबमध्ये डोकावून ये. प्रत्येकाच्या हातात ब्युरेट आहे, की एक जण टायट्रेशन करतोय आणि बाकीचे रीडिंग उतरवून घेतायत, एवढं बघ. दुसरं असेल तर पुढच्या कॉलेजला जा.