वाचकांचे प्रश्न : चेपणीच्या तोरांपासून मिठातल्या भाज्यांपर्यंत

मे महिन्यात गोव्यातल्या घराघरांत पुरुमेंताची धांदल असते. पावसाचे चार महिने पुरेल एवढे मीठ, मिरची, सोलां (आमसुले), सुके मासे आणि लोणची भरून ठेवण्याच्या या रिवाजाचे नाव पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आले आहे. पाऊस एकदा स्थिरावला आणि भरलेल्या बरण्या उघडू लागल्या की आमच्याकडे पत्रे येऊ लागतात. या खेपेस तेलातल्या लोणच्यांपेक्षा मिठाच्या पाण्यात घातलेल्या भाज्यांविषयीची पत्रे अधिक आली, आणि त्यांतली बरीचशी हौसेने हे काम नुकतेच हाती घेतलेल्यांची आहेत. पहिल्या पत्राच्या उत्तराला जाणीवपूर्वक जास्त जागा दिली आहे. मिठाचा हिशेब नीट समजला तर पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

ताई, नमस्कार. बँकेतून निवृत्त झाल्यावर मला गाजर, मुळा, फ्लॉवर अशा भाज्या मिठाच्या पाण्यात घालण्याचा छंद लागला. एक लिटर पाण्याला दोन मोठे चमचे मीठ हेच प्रमाण मी पाळतो. डिसेंबरात घातलेली बरणी उत्तम झाली, पण मे महिन्यात त्याच प्रमाणाने घातलेली चार दिवसांत बुळबुळीत झाली आणि तिला वास सुटला. माझी आई तर कसलेही माप न घेता चेपणीचे तोर (मिठात दाबून मुरवलेले कोवळे आंबे) घालीत असे आणि ते गणेश चवथीपर्यंत सहज टिकत. माझे काय चुकते? — एक वाचक, म्हापसा

आपण प्रमाण पाळलेत, परंतु ते प्रमाण मुळातच अपुरे होते आणि डिसेंबरातल्या गारव्याने ते सांभाळून घेतले. चमचा हे आकाराचे माप आहे, वजनाचे नव्हे. पाकिटातल्या बारीक मिठाचा एक मोठा सपाट चमचा साधारण 17 ते 18 ग्रॅम भरतो, तर मिठागरातल्या जाड्या मिठाचा तोच चमचा खड्यांमधल्या पोकळीमुळे बराच कमी भरतो. त्याहून मोठी चूक अशी की आपण मीठ केवळ पाण्याच्या हिशेबाने घालता. भाजी ही स्वतःच बहुतांशी पाणी असते आणि दोन-तीन दिवसांत आतले पाणी व बाहेरचे पाणी यांतले मीठ सारखे होते. म्हणजे एक लिटर पाण्यात 35 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात एक किलो भाजी घातली, तर प्रत्यक्षात मिठाचे प्रमाण पावणेदोन टक्क्यांच्या आसपासच उरते.

हे प्रमाण का महत्त्वाचे, ते थोडे विस्ताराने सांगते. भाजीच्या सालीवर अनेक प्रकारचे जिवाणू असतात. मिठाच्या पाण्यात त्यांतले कुजवणारे जिवाणू मागे पडतात आणि दुग्धाम्ल तयार करणारे तग धरतात. हे जिवाणू भाजीतली साखर खाऊन आम्ल बनवतात आणि ते आम्लच पुढे भाजीचे रक्षण करते. मीठ कमी असेल आणि हवा उष्ण असेल, तर आम्ल पुरेसे साठण्याआधीच कुजवणाऱ्यांना वाव मिळतो. युरोपात कोबी जेमतेम दोन-अडीच टक्के मिठात घालतात, कारण तिथे तो 18 ते 20 अंश तापमानात सावकाश आंबतो. आपल्याकडे मे महिन्यात स्वयंपाकघर 30 अंशांच्या वर असते, म्हणून परक्या पुस्तकातले प्रमाण जसेच्या तसे उचलून चालत नाही.

माझा सल्ला असा की भाजी आणि पाणी यांचे एकत्र वजन करून त्याच्या साडेतीन टक्के मीठ घ्यावे. 700 ग्रॅम भाजी आणि 800 मिलिलिटर पाणी मिळून दीड किलो होते. त्याला 52 ते 53 ग्रॅम मीठ लागेल. अख्ख्या मिरच्या आणि तवशासारख्या (काकडीसारख्या) पाणीदार भाज्यांसाठी पाच टक्क्यांपर्यंत जाण्यास हरकत नाही. हिशेब करताना दहा ग्रॅमच्या फरकानेही चव बदलते, तेव्हा एक-एक ग्रॅम दाखवणारा लहान तोलकाटा अवश्य घ्यावा. या छंदात मी सर्वात आधी तोच घ्यायला सांगते, बरणी त्यानंतर. आगरवाड्याचे किंवा रायबंदरचे मीठ वापरत असाल तर ते आधी कढईत कोरडे परतून, गार करून मगच तोलावे, कारण ते हवेतला ओलावा धरून असते आणि ओल्या मिठाच्या वजनात काही वजन पाण्याचे असते. आयोडीनयुक्त मीठही चालते. त्यातले आयोडीन जिवाणूंना अडवण्याइतके नसते. फक्त मीठ मोकळे राहावे म्हणून त्यात घातलेल्या पदार्थांमुळे पाणी थोडे गढूळ दिसते. नळाचे पाणी उकळून गार केलेले असावे.

आता आपल्या आईंविषयी. त्या माप घेत नसत असे आपल्याला वाटते, पण चेपणीच्या तोरांत मीठच इतके सढळ असते की तोलण्याची गरज पडत नाही. कोवळ्या आंब्यांवर जाड्या मिठाचे थर देऊन वर दगड ठेवला की मीठ आंब्यातले पाणी ओढून घेते आणि तोर आपल्याच खाऱ्या पाण्यात बुडून राहतात. हे चेपणे, म्हणजे वजन ठेवणे, हाच त्यातला मर्म आहे. इतक्या खारात बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते. म्हणून ते तोर महिनोन्‌महिने टिकतात आणि म्हणूनच पेजेबरोबर खाण्याआधी ते पाण्यात घालून ठेवावे लागतात. आपल्या गाजर-मुळ्याला मात्र आंबट व्हायचे आहे, केवळ खारट व्हायचे नाही. आईंकडून दगड घ्यावा, मीठ तोलून घ्यावे.

पावसाळ्यात पाच ते सात दिवसांत चव हवी तितकी आंबट झाली की बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. पहिल्या आठवड्यात वायू तयार होतो, त्यामुळे घट्ट झाकणाची काचेची बरणी रोज एकदा किंचित सैल करून पुन्हा लावावी.

तोंडलीच्या बरणीत चौथ्या दिवशी पाण्यावर पांढरी, सुरकुतलेली साय आली. सासूबाई म्हणतात की बुरशी आहे, टाकून दे. शेजारची मुलगी म्हणते की काढून टाक आणि खा. कोणाचे ऐकू? — एक वाचक, फोंडा

सायीचे वर्णन आपण नेमके केले आहे, म्हणून उत्तर देणे सोपे झाले. पातळ, सपाट, पांढरी, हलवले की दुमडणारी साय ही बहुधा यीस्टची असते आणि ती विषारी नसते. ती अलगद काढून, बरणीची कड स्वच्छ पुसून, वर आलेल्या फोडी काढून टाकाव्या आणि खाली राहिलेल्या पुन्हा पाण्याखाली दाबाव्या. परंतु ती तशीच राहू देऊ नये. ही साय तयार झालेले आम्ल खाते, आम्ल घटले की खऱ्या बुरशीला वाट मिळते. साय काढल्यावरही भाजी मऊ लागली किंवा वास बदललेला वाटला, तर मोह धरू नये.

केसाळ, फुगीर, हिरवट, काळपट किंवा गुलाबी ठिपके दिसले, तर मात्र सासूबाईंचेच ऐकावे आणि संपूर्ण बरणी टाकावी. वरचा भाग काढला तरी बुरशीचे तंतू डोळ्यांना न दिसता खाली उतरलेले असू शकतात.

साय येण्याचे कारण बहुतेकदा एकच असते : एखादी फोड पाण्याच्या वर तरंगत राहते. लहान वाटी किंवा उकळून घेतलेला गुळगुळीत दगड वर ठेवल्यास ते टळते. माझ्या स्वतःच्या घरी एकदा सगळे जागच्या जागी असूनही दर दोन दिवसांनी पाणी खाली जात होते आणि वरच्या फोडी उघड्या पडत होत्या. चिनी मातीच्या जुन्या बरणीच्या झिलईला केसासारखी चीर गेली होती. ती मला दिसली नाही, पण एके दिवशी बाहेरच्या बाजूने बोटभर लांबीचा, मिठाचा पांढरा पापुद्रा उमटलेला दिसला. पाणी तिथूनच झिरपत होते. आपल्या बरणीच्या पोटावर असा पापुद्रा दिसला तर ती बरणी डाळी-तांदळासाठी ठेवावी. झिलईच्या चिरेत मुरलेले पाणी कितीही धुतले तरी निघत नाही.

आमच्या शेजारच्या बाईंकडून माडाच्या सुरेचे विनागर मिळते. भाज्यांच्या झटपट लोणच्याला ते बरे की बाजारातले पांढरे व्हिनेगर? आणि त्यात फेसलेली मोहरी घातली तर ती कडू का होते? — एक वाचक, मडगाव

चवीचा प्रश्न असेल तर माझे मत निःसंकोच माडाच्या विनागराकडे आहे. माडावरून उतरवलेली सूर आधी आंबून मद्य होते आणि मग त्या मद्याचे आम्ल होते, त्यामुळे त्यात केवळ आंबटपणा नसून फळासारखा एक मऊ गोडसर वासही असतो. मोलासारख्या, म्हणजे विनागरात मुरवलेल्या तिखट लोणच्यासारख्या, आपल्याकडच्या पदार्थांची खरी ओळख तीच आहे. पांढऱ्या व्हिनेगरात तो वास नसतो. मात्र त्याच्या बाटलीवर आम्लाचे प्रमाण छापलेले असते, आणि घरगुती विनागराची ताकद प्रत्येक वेळी वेगळी असते. झटपट लोणच्यात जिवाणू आम्ल बनवत नाहीत, आपण ओतलेले आम्लच सर्व काम करते. त्यामुळे घरचे विनागर पाणी न घालता वापरावे, भाजी किंचित उकळत्या मिठाच्या पाण्यातून काढून कोरडी करावी, आणि बरणी फ्रिजमध्येच ठेवावी. प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात सामू (पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त) मोजण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. भाजी मुरल्यावर पाण्याचा सामू 4.6 च्या खाली, शक्यतो 4 च्या जवळ असावा. हळद घालण्यापूर्वी पट्टी बुडवावी, नाहीतर पट्टीचा रंगच कळत नाही.

मोहरीचा कडवटपणा सहज टाळता येतो. मोहरीचा झणका दाण्यात तयार नसतो. दाणा फुटून त्याला पाणी लागले की आतल्या विकराच्या (एन्झाइमच्या) क्रियेने तो निर्माण होतो. म्हणून आपल्याकडे मोहरी पाण्याचा हात लावून, नाकात जाईपर्यंत फेसतात. फेसण्याच्या आरंभीच विनागर घातले तर ही क्रिया अर्धवट राहते, झणका येत नाही आणि कडूपणा तेवढा जाणवत राहतो. थंड पाण्यात फेसावी, दहा मिनिटे झाकून ठेवावी, मगच विनागर घालावे.

माझ्या मुलाने खोल्याच्या मिरच्या आणि सोललेला लसूण नुसत्या तेलात बुडवून बाटली कपाटात ठेवली आहे. तेलाने लोणचे टिकते, मग हेही टिकेल ना? — एक वाचक, काणकोण

ही बाटली कृपया आजच रिकामी करावी. तेल हवा अडवते. ते जिवाणू मारत नाही. आपल्या कैरीच्या किंवा लिंबाच्या लोणच्याला मीठ आणि फळाचा आंबटपणा सांभाळतो, वरचा बोटभर तेलाचा थर फक्त बुरशीला दूर ठेवतो. लसूण जमिनीत वाढतो, त्यात आंबटपणा नाही, आणि तेलात हवाही नाही. नेमक्या अशाच जागी क्लॉस्ट्रिडियम बॉटुलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो. ते विष वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, आणि त्याने श्वसनाचे स्नायूही लुळे पडू शकतात. म्हणून चाखून पाहू नये.

मुलाची हौस मोडू नका. त्याच मिरच्या आणि लसूण पाच टक्के मिठाच्या पाण्यात घालून आंबवता येतील, किंवा मीठ आणि भरपूर लिंबूरस घालून फ्रिजमध्ये मुरवता येतील. त्यावर तेल घातले तरी चालेल. ताजे लसणाचे तेल हवे असेल तर थोडेसेच करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे.

विनागरात घातलेला लसूण दोन दिवसांत निळसर-हिरवा झाला. तांब्याचे किंवा पितळेचे भांडे वापरलेले नाही. खावा का? — एक वाचक, डिचोली

खावा. लसणातली गंधकयुक्त द्रव्ये आम्लाच्या सहवासात एकमेकांशी जुळून असा रंग तयार करतात. थंड जागी साठवलेल्या लसणात हे अधिक दिसते. चीनच्या उत्तर भागात मुद्दाम असा हिरवा लसूण करून तो नववर्षाच्या पदार्थांबरोबर खातात. रंग नको असेल तर पाकळ्या विनागरात टाकण्यापूर्वी अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात धराव्या. आपण भांड्याची शंका घेतलीत हे मात्र योग्यच केले. बिंबलांसारख्या अतिशय आंबट फळासाठीही अ‍ॅल्युमिनियम, तांबे, पितळ यांपैकी काहीही वापरू नये. बिंबलांत ऑक्झॅलिक आम्ल बरेच असते, त्यामुळे घरात कोणाला मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यांना ते लोणचे वाढण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि बिंबलांचा रस तर त्यांना मुळीच देऊ नये.