लिंबू आणि क्रीम चीज भरलेल्या पेस्ट्रीचं सारण ओव्हनमध्ये बाहेर का येतं? क्रीम चीजऐवजी चक्का चालेल का?

चक्का चालतो, आधी तेवढं सांगून टाकते. पण तुम्ही पुढे लिहिलंय की रेडिमेड पफ शीटमध्ये क्रीम चीज, साखर आणि दोन लिंबांचा रस असं सारण भरता आणि दर वेळी ते फुटून ट्रेवर येतं, तळ ओलाच राहतो. अहो, तुमचं दुखणं चीजचं नाहीच, रसाचं आहे. दोन लिंबांचा रस हे वाचलं आणि मला लिहिल्याशिवाय राहवेना, कारण याच रसावरून आमच्या घरात सात वर्षं वाद चाललाय आणि त्यात माझ्या आईच्या साट्याला (करंजीचे पदर सुटावेत म्हणून मध्ये लावायचं फेटलेलं तूप) उगाच बोल लागला.

माझं माहेर गिरगावातलं, चाळीतलं. आईच्या साट्याच्या करंज्या आमच्या मजल्यावर प्रसिद्ध होत्या. थंड तुपात कॉर्नफ्लोअर घालून ती परातीत तळहाताने फेटायची, पांढराशुभ्र आणि हलका होईपर्यंत, मध्ये कोणी हाक मारली तरी हात थांबवायची नाही. मग तीन पातळ पोळ्या, त्यातली एक गुलाबी, प्रत्येकीवर साटा, घट्ट वळकटी, तुकडे आणि ओल्या फडक्याखाली झाकण. तळताना पदर सुटायचे ते मी स्टुलावर उभं राहून बघायचे. हे सगळं तुम्हाला माहीत असणार, तरी सांगतेय कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

माझा भाचा जहाजावर नोकरीला आहे. तो एकदा इटलीत नेपल्सला उतरला होता, तिथून त्याने फोटो पाठवला, शिंपल्यासारखी एक पेस्ट्री, कडेला शंभर पदर, आणि खाली लिहिलं, मावशी, ही बघ तुझी करंजी. त्या पेस्ट्रीचं नाव स्फोल्यातेल्ला. मग मी तिच्यावर जे मिळेल ते वाचून काढलं. अमाल्फीच्या किनाऱ्यावर कोंका देई मरीनी गावात सांता रोझा नावाचा जोगिणींचा मठ होता, तिथून हा पदार्थ आला असं तिकडे मानतात, आणि १८१८ मध्ये पास्क्वाले पिंतावरो नावाच्या मिठाईवाल्याने तो नेपल्स शहरात विकायला सुरुवात केली. आत काय, तर रिकोटा म्हणजे निवळीतून (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातून) काढलेलं मऊ चीज, शिजवलेला रवा, आणि साखरेत मुरवलेली संत्र्या-लिंबाची सालं. रवा! आणि पदर कसे करतात माहितेय? कणीक कागदासारखी पातळ ताणायची, तिला डुकराची चरबी फासायची, घट्ट वळकटी करायची, चकत्या कापायच्या आणि अंगठ्याने दाबून त्याचा द्रोण करायचा. चरबीच्या जागी तूप घाला, झाला साटा. माझी आई हेच करत होती, फक्त आत ओला नारळ भरून.

तेव्हापासून मला साट्याच्या करंजीत लिंबाचं आणि पनीरचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजायचं वेड लागलं. (भाजायचंच. ओलं चीज भरलेली करंजी तेलात सोडू नका, फुटली तर तोंडावर तेल उडेल.) तीन-चार वेळा छान जमलं. मग भाऊबीज आली.

आमच्याकडे भाऊबीजेला पंधरा-सोळा माणसं असतात. माझ्या मोठ्या नणंदेने त्या वर्षी बेकिंगचा क्लास केला होता. मी सकाळी सारण करून ठेवलं होतं, पनीर, थोडा चक्का, शिजवलेला रवा आणि चार लिंबांची किसलेली साल. वन्संनी बोटाने चाखून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, लिंबाची पेस्ट्री आणि लिंबाचा रस नाही? लोकांना लिंबू लागणार कुठे?" मी म्हटलं, ताई, वास सालीत असतो, रसात फक्त आंबटपणा असतो. तर म्हणाल्या क्लासमध्ये असंच शिकवलंय, आणि ती किसलेली चारही लिंबं त्यांनी माझ्या सारणात पिळली. सणाचा दिवस, माहेरी आलेली लेक, वयाने मोठी, सासूबाई समोर बसलेल्या. मी गप्प बसले. बसायला नको होतं.

दहा मिनिटांत वाडग्याच्या कडेने हिरवट पांढऱ्या पाण्याची एक बारीक रेघ दिसायला लागली. चमच्याने हलवलं की जायची, परत यायची. मी भरत गेले. ओटीजीच्या, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, काचेतून बघत होते, आठव्या मिनिटाला पहिल्या करंजीच्या मुरडीतून एक पांढरा थेंब आला, टाचणीच्या डोक्याएवढा, तो फुगला, फुटला, मग दुसरीतून, मग सगळ्याच सुटल्या, साखर ट्रेवर काळी झाली आणि हॉलभर करपल्याचा वास. वीस करंज्यांतल्या चार धड निघाल्या. आणि वन्सं सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साटा ओव्हनमध्ये टिकत नाही, याला बटरच लागतं, ते गावठी तंत्र तळण्यापुरतंच." माझी आई जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं.

त्यानंतर दर दिवाळीला हे वाक्य निघतं. म्हणून एका जानेवारीत मी सरळ दोन्ही शेजारी शेजारी करून बघितलं. एकच कणीक, एकच साटा, एकच सारण, त्याचे दोन भाग. एकात नुसती साल, दुसऱ्यात साल आणि दोन लिंबांचा रस. सहा सहा करंज्या एकाच ट्रेवर, रसवाल्यांना काट्याने टोचून खूण केली. साट्याचा दोष असता तर बाराही फुटायला हव्या होत्या. रसवाल्या पाच फुटल्या, सालवाली एकही नाही. फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. सासूबाईंनी फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं. वन्सं अजून काही बोललेल्या नाहीत.

कारण अवघड नाही. घरी पनीर करताना आपण उकळत्या दुधात काय पिळतो? लिंबूच ना? आंबट पडलं की दुधातलं घट्ट ते आवळतं आणि पाणी सोडतं. तुम्ही झालेल्या चीजमध्ये परत लिंबू पिळून ओव्हनमध्ये गरम करता म्हणजे तेच काम पुन्हा करता, फक्त या वेळी पाणी गाळायला फडकं नाहीये, ते पेस्ट्रीच्या पोटात जातं. वर माझ्या त्या चार लिंबांच्या रसाचं पाणी वेगळंच, पाव वाटीच्या वर भरतं. साखरही पाणी ओढून काढते, म्हणून साखर भरायच्या ऐन वेळी मिसळायची, सकाळपासून मिसळून ठेवायची नाही.

आता मी कसं करते. २०० ग्रॅम पनीर फडक्यात बांधून वजनाखाली दोन तास, मग परातीत तळहाताने मळायचं, कण राहता कामा नये. त्यात १०० ग्रॅम चक्का, तो मात्र रात्रभर फ्रीजमध्ये टांगलेला, बाजारातला श्रीखंडाचा चक्का घेतलात तरी दोन तास टांगाच. दोन मोठे चमचे बारीक रवा अर्धी वाटी दुधात शिजवून गोळा होईल इतका घट्ट करायचा आणि पूर्ण गार करून घालायचा. हा रवाच उरलंसुरलं पाणी पितो, नेपल्सवाल्यांनी तो उगाच घातलेला नाही. चिमूटभर मीठ. पिठीसाखर पाऊण वाटी, पण आधी त्यातल्या दोन चमच्यांत लिंबाची किसलेली साल बोटांनी चोळायची, साखर ओलसर आणि फिकट हिरवी होते आणि बोटांचा वास संध्याकाळपर्यंत जात नाही. वास असतो तो सालीतल्या या तेलाचा. रसवाल्यांना हे मी कितीदा सांगितलंय.

आपल्याकडचं कागदी लिंबू परदेशातल्या जाड सालीच्या पिवळ्या लिंबासारखं नाही, साल अगदी पातळ असते, किसणी जरा जोरात फिरली की खालचं पांढरं येतं आणि सारण कडू. म्हणून हिरवी, टणक लिंबं घ्या आणि एका जागी एकदाच किसणी फिरवा. थंडीत नागपुरी संत्री आली की मी संत्र्याची साल घेते, साल सुटी असल्यामुळे फळ अख्खं असतानाच किसायची, सोलून मग किसायला गेलं तर जमत नाही. मुरवलेली सालंही घरी होतात, तीनदा पाणी बदलून उकळायची, कडूपणा जातो, मग पाकात शिजवून वाळवायची. त्याऐवजी टुटीफ्रुटी घालू नका, ती कच्च्या पपईची असते, तिला संत्र्याचा वाससुद्धा लागलेला नसतो.

चीजबद्दल अजून एक. मुंबईत राहून लोक महागडं डब्यातलं रिकोटा शोधत फिरतात याचं मला वाईट वाटतं. पारशी लोकांचं टोपली नू पनीर आहे ना आपल्याकडे, टोपलीत लावलेलं, निवळीत ठेवलेलं, लोण्यासारखं मऊ. प्रिन्सेस स्ट्रीटवरची पारसी डेअरी १९१६ पासूनची आहे, माझे वडील ऑफिसातून येताना तिथून दूध-दह्याचं काहीतरी आणायचे. टोपली नू पनीर मिळालं तर रात्रभर गाळून वापरा, या सारणाला त्याच्यासारखं काही नाही. क्रीम चीजला माझा विरोध नाही, त्यात स्निग्धांश भरपूर असतो त्यामुळे ते पाणी कमी सोडतं, पण मग रवा निम्मा करा.

पफ शीटचं म्हणाल तर बटरवाली शीट मुंबईच्या ऑक्टोबरात ओट्यावर पाच मिनिटं ठेवली की घामाघूम होते. बटर बत्तीस-पस्तीस डिग्रीला वितळतं, आणि आपलं स्वयंपाकघर गॅस चालू असताना तेवढंच तापलेलं असतं. पदर एकमेकांत मिसळले की मग फुगत नाही. साट्यात कॉर्नफ्लोअर असल्याने तूप मऊ पडलं तरी पदर वेगळे राहतात, म्हणून साटा आपल्या हवेचा आहे, आणि तो ओव्हनमध्ये उत्तम टिकतो. शीटच वापरायची असेल तर दोन-दोन काढा, बाकीच्या फ्रीजमध्ये राहू द्या. भरून झालेल्या पेस्ट्र्या अर्धा तास फ्रीजमध्ये, आणि तिथून थेट २०० डिग्रीच्या तापलेल्या ओव्हनमध्ये. रिकामा ट्रे आधी आत तापवून त्यावर बटर पेपरसकट पेस्ट्र्या सरकवल्या तर तळ ओला राहत नाही. साधारण पंचवीस मिनिटं, पण प्रत्येक ओटीजीचं वेगळं असतं, रंग बघा, घड्याळ बघू नका.

काही गोष्टी राहिल्या. रस अजिबातच नको असं नाही, हे मला मान्य करायला हवं. आंबटपणा हवाच असेल तर एका लिंबाचा रस, साखर आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात शिजवून जेलीसारखं घट्ट करा, गार करा आणि प्रत्येक पेस्ट्रीत सारणाच्या मधोमध पाव चमचा ठेवा, चीजमध्ये कालवू नका. अंडं खात असाल तर सारणात एक पिवळा बलक घाला, बांधून येतं, आम्ही सणाला घालत नाही. चक्का आंबट असेल तर जेलीची गरजच नाही. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनवर मी करून बघितलेलं नाही, त्यामुळे त्याबद्दल काही सांगत नाही. आणि केल्या त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवशी पदर मऊ पडतात, मग कितीही गरम केलं तरी तो कुरकुरीतपणा येत नाही.

साल किसून झालेली लिंबं मात्र तशीच ठेवू नका, साल गेली की ती दोन दिवसांत सुकून दगड होतात. त्याच दिवशी पिळून सरबताला साखर घालून ठेवा.