आंधळ्या नवऱ्याला फसवूनही रिबकेला दोष का दिला जात नाही? अशा पात्राचा अभ्यास कसा करावा?

तुम्ही विचारलंय की बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात रिबका दृष्टी गेलेल्या इसहाकाला फसवते, थोरल्या एसावाचा आशीर्वाद धाकट्या याकोबाला मिळवून देते, आणि तरी शास्त्र तिला एका शब्दानेही बोल लावत नाही, शिक्षाही देत नाही. मग तिला आदर्श माता म्हणायचं की कपटी बाई? आणि अभ्यासाला सुरुवात कुठून करायची?

आमच्या चर्चच्या अभ्यासवर्गात ही कथा मी अनेकदा घेतली आहे. दरवेळी वर्गाचे दोन तट पडतात. अर्धे लोक तिचं वकीलपत्र घेतात, उरलेले आरोपपत्र वाचायला लागतात. दोन्हीकडचे लोक फक्त २७वा अध्याय वाचून आलेले असतात, आणि माझ्या मते गडबड तिथेच होते.

म्हणून २४ ते २८ हे पाच अध्याय आधी एका बैठकीत वाचून काढा. टीपा नकोत, भाष्यं नकोत, प्रवचनं तर अजिबात नकोत. तासाभराचं काम आहे. २४व्या अध्यायातली विहिरीवरची मुलगी डोक्यात ठेवून मग २७ वाचलात की बाई वेगळीच दिसायला लागते.

ती मुलगी कशी आहे बघा. अब्राहामाचा चाकर दहा उंट घेऊन मुलगी बघायला आलाय. तो स्वतःपुरतं घोटभर पाणी मागतो. ती त्याला पाणी देते आणि आपणहून म्हणते, उंटांनाही पोटभर पाजते. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटरच्या आसपास पाणी पितो. दहा उंटांचा हिशेब तुम्हीच करा, तेही घागरीने, झऱ्यापर्यंत खाली उतरून, पुन्हा वर येऊन. आणि कथा सांगते की ती धावत होती. पुढे घरचे लोक म्हणतात, पोरगी अजून दहाएक दिवस तरी राहू दे. चाकर घाई करतो, तेव्हा तिलाच बोलावून विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणते, "जाते." संपलं. ना रडणं, ना विचारायला वेळ मागणं. अब्राहाम आपलं घर आणि नातलग सोडून निघाला होता, तसंच हिने केलं. निघताना तिला दिलेला आशीर्वादही, तुझी संतती शत्रूंच्या वेशीचा ताबा घेवो, हा जवळपास त्याच शब्दांत आधी अब्राहामाला मिळालेला आहे. इसहाकापेक्षा अब्राहामाचा वारसा या सुनेकडे जास्त आलाय असं मला कायम वाटतं.

आता तिचा नवरा. चाळिसाव्या वर्षी लग्न, मूल झालं तेव्हा वय साठ. मधली वीस वर्षं पाळणा हलला नाही. गर्भ राहिल्यावर पोटात जुळ्यांची मारामारी सुरू झाली, तेव्हा ती देवाला विचारायला गेली. ती गेली, तो नाही. उत्तर तिला मिळालं: दोन राष्ट्रं तुझ्या पोटात आहेत, थोरला धाकट्याची सेवा करील.

इथे थांबा आणि कागदावर लिहून काढा: हे कोणाला माहीत आहे? ही भविष्यवाणी रिबकेने इसहाकाला सांगितल्याचा उल्लेख कुठेच नाही. तेराव्या शतकातले यहुदी भाष्यकार रामबान, म्हणजे मोशे बेन नहमान, यांनी सरळ म्हटलंय की तिने ती नवऱ्याला कधी सांगितलीच नाही. एकोणिसाव्या शतकात व्होलोझिनच्या यहुदी धर्मविद्यापीठाचे प्रमुख असलेले नत्झीव आणखी मागे जातात. ते म्हणतात, पहिल्या भेटीतच तिला इसहाकाचा धाक बसला. त्याला दुरून पाहताच ती उंटावरून उतरली आणि बुरखा घेतला, तो संकोच जन्मभर राहिला. सारा आणि अब्राहाम, राहेल आणि याकोब ही जोडपी एकमेकांशी तोंडावर भांडतात. ही जोडी भांडतसुद्धा नाही.

२७वा अध्याय नाटकासारखा प्रवेशांमध्ये मांडून बघा. इसहाक आणि एसाव. मग रिबका आणि याकोब. मग याकोब आणि इसहाक. पुन्हा एसाव आणि इसहाक. पुन्हा रिबका आणि याकोब. शेवटी रिबका आणि इसहाक. एकाच घरातली चार माणसं, पण रंगमंचावर कधीही दोनाहून जास्त नाहीत. आणि दोन जोड्या कधीच समोरासमोर येत नाहीत: आई आणि थोरला मुलगा, आणि दोघे भाऊ. इसहाक एसावाशी बोलत होता ते रिबकेने आडून ऐकलं. एसावाने भावाला मारायचं मनात धरलं तेही तिच्या कानावर कोणीतरी घातलं. या घरात माहिती भिंतीच्या आडून फिरते.

आपल्याकडच्या वाचकाला इथे हमखास कैकेयी आठवते. वर्गातही कोणीतरी तिचं नाव काढतंच. पण तुलना करायचीच तर नीट करा. कैकेयीला भरत आपला आणि राम सवतीचा. रिबकेची दोन्ही मुलं तिचीच, एकाच बाळंतपणातली. शिवाय कैकेयीने जे मागायचं ते दशरथाच्या तोंडावर मागितलं. रिबकेने तेवढंही केलं नाही.

मला या कथेत सगळ्यात महत्त्वाचं वचन वाटतं ते २७:४६, अध्यायाचं शेवटचं. लोक ते सहसा वाचतच नाहीत, कारण नाट्य संपलेलं असतं. आशीर्वाद गेलाय, एसाव धाय मोकलून रडलाय, भावाला मारायचं ठरवून बसलाय, आणि रिबकेला याकोबाला आपल्या भावाकडे, लाबानाकडे हारानला पाठवायचं आहे. खरं कारण नवऱ्याला सांगायची सोय नाही. म्हणून ती त्याच्याकडे जाऊन म्हणते की या हित्ती सुनांपायी मला जीव नकोसा झालाय, याकोबानेही इथलीच एखादी केली तर मी जगून काय करू? हे अर्धसत्य आहे. एसावाच्या हित्ती बायकांचा दोघांनाही जाच होताच, २६व्या अध्यायात तसं लिहिलंय.

संपूर्ण उत्पत्तीत रिबका इसहाकाशी थेट बोललेली दिसते ती एवढीच. आणि ते बोलणं लागू पडतं! पुढच्याच वचनात इसहाक याकोबाला बोलावतो, पदन-अरामला, म्हणजे त्याच हारानच्या मुलखात, जाऊन मामाची मुलगी कर म्हणतो, आणि आपणहून आशीर्वाद देतो. कोणता आशीर्वाद? अब्राहामाचा: संतती आणि वतनाचा देश. याकोबाने करडांची कातडी पांघरून, एसाव बनून मिळवला तो आशीर्वाद आकाशाचं दव, धान्य, द्राक्षारस आणि भावांवर सत्ता असा होता. अब्राहामाच्या कराराचं त्यात नावही नव्हतं. तो खरा वारसा इसहाकाने समोर कोण उभा आहे हे पक्कं माहीत असताना दिला.

म्हणजे बायको एक वाक्य बोलली आणि नवऱ्याने ऐकलं. मग ती आधीच का बोलली नाही? माझ्या दृष्टीने तिच्या अभ्यासाचा खरा प्रश्न हा आहे. तिने पाप केलं की नाही, हा त्या मानाने सोपा प्रश्न.

याला एक चांगला आक्षेप आहे, तोही वहीत लिहून ठेवा. फसवणूक उघडी पडल्यावर इसहाक थरथर कापला, पण आशीर्वाद मागे घेतला नाही. उलट म्हणाला, त्याला आशीर्वाद मिळणारच. कदाचित त्या क्षणी त्याला देवाचा हात जाणवला असेल आणि २८व्या अध्यायातला इसहाक हा त्या धक्क्याने बदललेला माणूस असेल. तसं असेल तर आधी बोलून उपयोग झाला नसता. मला हे पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

वकिलांबद्दल आता. अकराव्या शतकातल्या फ्रान्समधले राशी हे थोर भाष्यकार. याकोब बापाला म्हणतो, "मी एसाव, तुमचा ज्येष्ठ पुत्र." राशी त्या वाक्याचे दोन तुकडे करतात: जेवण आणलंय तो मी, एसाव हा तुमचा ज्येष्ठ पुत्र. झाला याकोब खोटं न बोलणारा! इब्न एज्रा या दुसऱ्या मोठ्या भाष्यकाराला अशी ओढाताण मान्य नाही. ख्रिस्ती परंपरेतही ऑगस्टीनने म्हटलं की हे खोटं बोलणं नाही, हे गूढ आहे. एवढ्या मोठ्या लोकांना एवढी कसरत करावी लागली, याचाच अर्थ मजकूर त्यांना टोचत होता.

टोचणारच. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, असं लेवीय १९:१४ सांगतं. आंधळ्याला वाट चुकवणारा शापित, असं अनुवाद २७:१८. नावडतीचा मुलगा थोरला असेल तर आवडतीच्या मुलाला त्याचा हक्क देऊ नको, असं अनुवाद २१. ज्या समाजाने हे नियम जपले त्यानेच ही कथाही जपली, आणि काहीही न लपवता. इसहाकाच्या तोंडी तर स्पष्ट आहे, "तुझ्या भावाने कपटाने येऊन तुझा आशीर्वाद नेला." तेव्हा दोष दिलेलाच नाही, हे तुमचं म्हणणं पुरतं खरं नाही. कथाकार स्वतः गप्प राहतो, पात्रांना बोलू देतो.

ती फसवणूक संथपणे वाचा, एकेक इंद्रिय मोजत. डोळे गेलेत. कान सांगतात, आवाज याकोबाचा. हात सांगतात, केसाळ आहे म्हणजे एसाव. ती करडांची कातडी आईने मनगटांना आणि मानेला बांधलेली. जीभ सांगते शिकारीचं मांस, प्रत्यक्षात आईने दोन करडं रांधलेली. नाक सांगतं एसाव, कारण अंगावर त्याचेच ठेवणीतले कपडे. नवऱ्याला काय आवडतं, तो कशावरून माणूस ओळखतो, हे बारकाईने माहीत असलेल्या बाईचंच हे काम. आणि याकोबाची शंका काय होती तेही बघा. हे चूक आहे, असं तो म्हणत नाही. पकडला गेलो तर शाप मिळेल, एवढीच त्याची भीती. त्यावर आई म्हणते, "बाळा, तो शाप माझ्यावर येवो." या वाक्यामुळे मी तिला सरळ खलनायिका म्हणू शकत नाही. स्वार्थासाठी डाव टाकणारं माणूस नुकसान आपल्या अंगावर घेत नाही.

शिक्षेचं विचारलंत. निकालपत्र शोधू नका, पुढे काय होतं ते बघा. ती याकोबाला म्हणते, थोडे दिवस जा, भावाचा राग उतरला की बोलावून घेईन. ते थोडे दिवस वीस वर्षांचे झाले. ती आणि याकोब पुन्हा भेटल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. याकोब परततो तेव्हा इसहाक जिवंत आहे. मरायला टेकलेला म्हणून ज्याच्यासाठी एवढी घाई झाली, तो १८० वर्षं जगला! पण रिबकेचं नाव नाही. तिची दाई दबोरा मेली, तिला बेथेलजवळ अल्लोन, म्हणजे ओकच्या झाडाखाली पुरलं, याला एक वचन मिळालंय. रिबकेच्या मृत्यूला तेवढंही नाही. मकपेलाच्या गुहेत तिला पुरल्याचं शेवटी याकोबच मरताना सांगतो. राशी म्हणतात, दबोरेच्या त्या वचनातच आईच्या मृत्यूची बातमी दडलेली आहे.

याकोबाचा हिशेबही चुकलेला नाही. लग्नाच्या रात्री अंधारात राहेलऐवजी तिची बहीण लेआ पदरात पडते, तेव्हा मिद्राशातली, म्हणजे जुन्या यहुदी कथा-भाष्यांतली, लेआ त्याला सुनावते: बापाने एसाव म्हणून हाक मारली तेव्हा तू ओ दिली होतीस ना? आणि म्हातारपणी मुलं, लाडका योसेफ मेला असं भासवायला, त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून त्याच्यापुढे टाकतात. करडांच्या कातड्याने बापाला फसवणारा मुलगा बकऱ्याच्या रक्ताने फसतो.

एक गोष्ट मात्र वकील आणि फिर्यादी दोघेही विसरतात. एसाव. वहीत त्याला स्वतंत्र पान द्या. मसुरीच्या आमटीसाठी ज्येष्ठत्व विकणारा उथळ गडी एवढीच त्याची ओळख आपण शिकतो. पण "बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद होता का?" हे वाक्य वाचून त्याला उथळ म्हणणं जड जातं. कनानी मुली वडिलांना आवडत नाहीत हे कळल्यावर तो चुलत्याची, इश्माएलाची मुलगी करतो, उशिरा का होईना बापाला खूश करायला. आईला काय वाटेल याचा विचार त्या वचनात नाही. आणि तरी आई म्हणालीच होती, एकाच दिवशी तुम्हा दोघांना मी का मुकावं? दोघांना. तोही तिचाच होता, तिला ते माहीत होतं.

हे सगळं वाचून झालं की मगच भाष्यांकडे वळा. राशी आणि रामबान शेजारी शेजारी ठेवून वाचा. नव्या करारातल्या पौलाच्या रोमकरांस पत्राचा ९वा अध्याय त्यानंतर. तिथे रिबकेचा उल्लेख देवाच्या निवडीसंदर्भात येतो, तिच्या वागण्याला चांगलं-वाईट ठरवायला नाही. तो परिच्छेद तिच्या बचावासाठी वापरू नका.

आणि तिचा अभ्यास झाल्यावर लाबानाला घ्या. सख्खा भाऊ, त्याच घरात वाढलेला. पुढे तो याकोबाला वीस वर्षं कसा राबवतो ते वाचण्याआधी २४:३० उघडा: बहिणीच्या नाकातली सोन्याची नथ आणि हातातल्या बांगड्या बघितल्यावर तो पाहुण्याच्या स्वागताला धावत सुटतो.