पहिली-दुसरीतलं हुशार पोर ओळखताना
कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळेत नव्यानं रुजू झालात, तर नुसत्या मार्कांवर कुणाला हुशार ठरवू नका. वळणदार अक्षर, पाठ पाढे ही बहुतेकदा घरची तयारी असते. एक वही घाला. सहा-आठ आठवडे पोरांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत, तारखेसकट लिहा. ७ + ८ विचारल्यावर बोटं न मोजता "सात न् सात चौदा, वर एक" असं स्वतःहून म्हणणारं पोर हेरा. घरी कन्नड बोलणारं लेकरू शब्दांच्या चाचणीत उगाच मागं पडतं. त्याच्यासाठी जाणकार समुपदेशकाकडून रेव्हनची रंगीत आकृत्यांची बुद्धिमत्ता चाचणी करून घ्या: ३६ प्रश्न, वाचन-लेखन लागत नाही. आणि काम झटकन संपवून खोड्या काढणाऱ्याकडं आधी बघा. नजरेतून सुटतं ते बहुतेक तेच.