एरुसीनला साखरपुडा समजू नकोस

तालमूद, म्हणजे ज्यूंच्या धर्मकायद्याचा ग्रंथ, वाचायला घेतलास, छान. पण मी जिथे आपटलो तिथे तू आपटू नकोस. 'एरुसीन' (ज्यू लग्नाचा पहिला टप्पा) शब्द दिसला की आपल्या डोक्यात साखरपुडाच येतो. तो काढून टाक. साखरपुडा मोडला तर चार दिवस गावात चर्चा होते, बस्स. एरुसीन (यालाच किद्दुशीन म्हणतात) झालं की बाई कायद्याने विवाहित. मोडायचं तर 'गेट', म्हणजे रीतसर घटस्फोटपत्र लागतं; दुसऱ्याशी संबंध आला तर तो व्यभिचार. आणि तरीही संसार सुरू नाही! तो 'निस्सुईन', म्हणजे लग्नाच्या दुसऱ्या टप्प्यानंतर. त्या काळी मधे तयारीसाठी कुमारिकेला 12 महिने, विधवेला 30 दिवस मिळायचे. साखरपुड्याच्या जवळ जातं ते 'शिद्दुखीन', निव्वळ बोलणी.

मग तालमूदच्या 'किद्दुशीन' नावाच्या भागातली पहिली मिश्ना (मूळ कायद्याचा परिच्छेद) सावकाश वाच. पैसा, दस्त किंवा शरीरसंबंध, या 3 मार्गांनी बाई 'मिळवली' जाते. पैसा किती? इथे पंडितांची दोन घराणी भांडतात. शम्माईचं घराणं म्हणतं एक दिनार (चांदीचं नाणं). हिल्लेलचं म्हणतं एक पेरुता, म्हणजे सगळ्यात छोटं नाणं, दिनाराचा 192वा हिस्सा. निकाल हिल्लेलकडे. हे ऐकून खरेदी वाटते, मलाही वाटली होती. पण सज्ञान बाईची संमती नसेल तर काहीच होत नाही, आणि नवऱ्याला तिला पुढे विकता येत नाही. ही कसली खरेदी?

साक्षीदारांकडे मात्र नीट बघ. कर्जात ते फक्त पुरावा असतात. इथे 2 साक्षीदार नसतील तर दोघांनी कबूल केलं तरी किद्दुशीन झालंच नाही. पैशाच्या जागी देतात ती अंगठी बिनखड्याची का, तेही संमतीमुळेच: खड्याच्या किमतीत नवरीची फसगत झाली तर संमतीच डळमळते.