सरपंचांच्या सहीने भागत नाही

अनेक आशीर्वाद.

लेप्टोच्या, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्याचिखलात पसरणाऱ्या तापाच्या, अभ्यासाचा तुझा आराखडा वाचला. सिंधुदुर्गातल्या निम्म्या वाड्यांना भातलावणीत दर आठवड्याला डॉक्सिसायक्लिनची प्रतिबंधक गोळी, निम्म्यांना नाही, आणि कोणत्या वाडीला काय ते चिठ्ठ्या टाकून. इथवर ठीक. संमतीच्या रकान्यात मात्र 'सरपंचांची परवानगी घेतली' एवढंच लिहिलंस, तिथे मी थांबलो.

सरपंच तुला गावात येऊ देतील. दुसऱ्याच्या दंडातून रक्त काढायला हो म्हणायचा अधिकार त्यांना नाही. गटवार चाचण्यांच्या, म्हणजे एकेका माणसाऐवजी अख्ख्या गटाची चिठ्ठी टाकणाऱ्या अभ्यासांच्या, नीतीवरचं २०१२ सालचं ओटावा निवेदन हेच सांगतं. त्यात आपल्याकडे गावकीचं वजन. मानकरी देवळात हो म्हणाले की दुसऱ्या दिवशी नको म्हणायची छाती कोणाची? म्हणून घरोघरी जा, खळ्यात बसून बोल, सोबत मानकरी नको. आशाताईही नको, उद्या तापाला औषध तिच्याकडूनच घ्यायचं असतं, तिला कोण दुखावणार? गरोदर बायका आणि लहान मुलं गोळीतून वगळ, वाडीच्या नावाची चिठ्ठी काहीही निघो.

उंदीर मारायचं औषध घालणार असशील तर गोष्ट वेगळी. ते अख्ख्या वाडीत पडतं, एका घराला बाजूला राहायची सोयच नसते. तो निर्णय ग्रामसभेत होऊ दे, तोही बायका हजर असताना. रक्ताची संमती तरीही ज्याची त्याचीच.

आता गोळी न मिळणाऱ्या वाड्या. आरोग्य केंद्र एरवी ती देत असेल तर अभ्यासापायी रोखायची नाही. उस्मानाबादेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर ५२ गटांचा अभ्यास झाला, निष्कर्ष २००९ साली छापून आले. तुलनेच्या गटातल्या बायकांना अभ्यासातून तपासणी दिली नव्हती, त्यावरून पुढे बरीच वर्षं वाद झाला. 'सगळ्यांना टप्प्याटप्प्याने देऊ' ही तुझी पळवाट मला फारशी पटत नाही. लावणी वर्षातून एकदाच; मागे राहिलेल्या वाडीला पुढच्या पावसापर्यंत थांबायचं, आणि चिखलात तर ती यंदाही उतरणार. निदान तापाची तपासणी आणि उपचार दोन्हीकडे सारखे ठेव.

आणखी एक. वाड्या कमी पडल्या म्हणून त्याच वाडीतली माणसं वाढवू नकोस. एका वहाळाकाठी राबणाऱ्यांची जोखीम साधारण सारखीच, त्यामुळे नव्या माहितीची भर थोडी आणि सुया उगाच जास्त. संख्याशास्त्रवाल्याला वाड्यांचा आकडा पुन्हा काढायला सांग. पहिला माणूस अभ्यासात घेण्याआधी सीटीआरआयमध्ये, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, अभ्यासाची नोंदणी झालेली हवी, म्हणजे सुधारलेला आराखडा मला त्याच्याही आधी पाठव.